सपत्नीक हॅम्बर्ग: बालबोध मार्गदर्शन

पात्रता

हा अभ्यासक्रम लग्नाला किमान दहा-बारा वर्षं झालेल्या जोडप्यांसाठी आहे. नवविवाहितांनी पॅरिसला जावं. तिथे एकमेकांकडे बघत बसलं तरी पैसे वसूल होतात. हॅम्बर्गला बाहेर बघावं लागतं. 'दहा दिवसांत सात देश' अशी एखादी सहल पदरी असल्यास प्रवेशात प्राधान्य. त्या सहलीत खाणं, झोपणं, भांडणं सगळं टूर मॅनेजरच्या शिट्टीवर सुरू होतं आणि थांबतं. हॅम्बर्गला शिट्टी मारणारं कुणी नसतं. तुम्ही तिथे आलेले असता कारण लेक-जावई किंवा पुतण्या तिथे नोकरीला आहे, आणि सोमवार ते शुक्रवार ती मंडळी कामावर असतात. सकाळी टेबलावर दिवसभराची दोन तिकिटं, घराची एक किल्ली आणि 'मजा करा' अशी चिठ्ठी ठेवून ती निघून जातात. मजा कशी करायची हे चिठ्ठीत नसतं. किल्ली एकच असल्यामुळे रुसून वेगवेगळं फिरायची सोय नाही. या अभ्यासक्रमाचा पाया तोच.

सोयीसाठी यापुढे पतीला 'अहो' आणि पत्नीला 'अगं' म्हटलं आहे. एरवी तरी दुसरी नावं कुठे लागतात.

पाठ पहिला: समुद्र शोधू नये

बंदराचं शहर म्हटल्यावर अहोंचा पहिला प्रश्न ठरलेला: "समुद्र कुठल्या बाजूला?" समुद्र कुठल्याच बाजूला नाही. तो शंभरएक किलोमीटर लांब आहे. जर्मनीतलं हे सगळ्यांत मोठं बंदर एल्बे नदीवर वसलंय आणि चारशे मीटर लांबीची कंटेनर जहाजं नदीतूनच वर चढून शहराच्या दारात येतात. समुद्र स्वतः येत नाही, भरती-ओहोटी तेवढी पाठवतो. दिवसातून दोनदा पाणी साडेतीन मीटरच्या आसपास चढतं आणि तेवढंच उतरतं. हे वाक्य पाठ करून ठेवा, पुढे त्यावरून वाद होणार आहे.

बंदराचा वाढदिवस 7 मे. 1189 साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने हॅम्बर्गच्या व्यापाऱ्यांना थेट समुद्रापर्यंत जकात माफ केली, त्याची सनद म्हणे या तारखेची. सनद बनावट आहे. ती 13 व्या शतकात कुणीतरी सोयीने तयार केली, हे इतिहासकारांनी केव्हाच दाखवून दिलंय. हॅम्बर्गकरांना हे पक्कं ठाऊक आहे आणि तरी दर मे महिन्यात ते लाखोंच्या गर्दीत, शिडाची जहाजं मिरवत हा वाढदिवस साजरा करतात. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिला आणि जन्मभर तोच वाढदिवस झाला, अशी माणसं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी उगाच नाकं मुरडू नयेत.

पाठ दुसरा: छत्री

नेऊ नये. इथला पाऊस नदीवरून आडवा येतो. छत्री उलटते आणि मग ती आणायला कुणी सांगितलं होतं यावर अर्धा तास जातो. टोपीवालं जाकीट घ्यावं.

पाठ तिसरा: उतार आणि चढ

लांडुंग्सब्रुकन हे नाव पहिल्या दिवशी तोंडात बसलं नाही तरी चालेल. गाडीतले बहुतेक प्रवासी कॅमेरे सरसावून उतरले की आपणही उतरावं. हा बोटींचा धक्का आहे, पण जमिनीवर बांधलेला नाही. तरंगते तराफे एकाला एक जोडून सातशेएक मीटरचा पट्टा केलाय आणि किनाऱ्यावरून त्यावर यायला लोखंडी पूल टाकलेत. पुलाचं एक टोक किनाऱ्याला घट्ट, दुसरं तराफ्यावर, म्हणजे पाण्याच्या मर्जीवर.

भरतीच्या वेळी सकाळी दहाला उतरलात तर पूल जवळजवळ सपाट असतो. चारच्या सुमाराला परत निघताना अगं पुलाच्या मध्यावर थांबते, कठड्याला धरते आणि म्हणते, "अहो, सकाळी एवढा चढ नव्हता." अहो म्हणतात, "दमलीस म्हणून तुला तसं वाटतंय." हे वाक्य हॅम्बर्गमध्ये कुठल्याही नवऱ्याने उच्चारू नये. चढ खरंच नव्हता. मधल्या वेळात पाणी दोन पुरुष खाली गेलंय आणि त्याबरोबर धक्का, त्यावरची हॉटेलं, माशांच्या पावाचे ठेले आणि तुम्ही दोघंही. धक्क्याच्या टोकाला दगडी मनोरा आहे, त्यावर पाण्याची पातळी दाखवलेली असते. ती वाचावी, बायकोच्या हातातली पिशवी घ्यावी आणि मुकाट चढावं. एक अख्खी नदी तिच्या बाजूने साक्ष देतेय.

पाठ चौथा: बासष्ट नंबर

धक्क्यावर कप्तानाची टोपी घातलेले लोक खड्या आवाजात बंदराच्या फेरीला बोलावत असतात. बोटीवर ते विनोदही सांगतात. जर्मन येत नसल्यामुळे तुम्हाला ते कळणार नाहीत आणि ज्यांना कळतात तेही फारसे हसत नाहीत. तेव्हा सरळ 62 नंबरच्या फेरीबोटीची रांग धरावी. ती शहराच्या वाहतूक सेवेचाच भाग आहे, टेबलावरचं तिकीट तिलाही चालतं. तिकीट तपासायला फाटक नसतं म्हणून ते घरी विसरू नये. साध्या कपड्यातला तपासनीस कधी उगवेल सांगता येत नाही आणि दंड 60 युरो आहे. यातल्या बऱ्याच बोटी बुटक्या, पुढून निमुळत्या असतात. गावकरी त्यांना इस्त्री म्हणतात.

वरच्या डेकवर पुढची जागा पकडावी. बोट फिंकनवेर्डरकडे निघाली की डाव्या हाताला गोद्या, त्यांत पोटापर्यंत उघडी पडलेली जहाजं. उजव्या हाताला शहर: मासळी लिलावाचा जुना हॉल, मग तिरपी कापलेली एक काचेची ऑफिस इमारत, मग कप्तान आणि वाटाड्यांची छोटी टुमदार घरं. हा भाग सोपा आहे. शहर कुणालाही बघता येतं. त्यानंतर डावीकडे कंटेनरच्या क्रेन लागतात आणि खरी परीक्षा सुरू होते.

क्रेन एक डबा उचलते. तो हवेत आडवा जातो. खाली ठेवला जातो. मग दुसरा डबा. यात दुसरं काही घडत नाही. कुणी हात हलवत नाही, कारण क्रेनमधला माणूस दिसतच नाही. "यात बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न दोघांपैकी एकाने कर्तव्य म्हणून एकदा विचारावा, दोनदा विचारू नये. मग काही न बोलता बघत राहावं. उरणच्या रस्त्यावर न्हावा-शेव्याचे ट्रेलर पुढे आले की वैतागून खिडकी लावून घेणारं जोडपं इथे चौथ्या क्रेनपाशी एकमेकांना बोटं करून दाखवायला लागतं: तो निळा बघा, तो आता कुठे ठेवतो बघा. हे घडलं की समजावं, अभ्यासक्रम लागू पडतोय. बंदर हे इथल्या लोकांचं कामाचं ठिकाण आहे. त्यांनी ते तुमच्यासाठी सजवलेलं नाही. दुसऱ्याचं काम चाललेलं असताना शेजारी शेजारी रिकामं उभं राहायचं आणि एकमेकांना काही काम सांगायचं नाही, ही कला घरी शिकता येत नाही. घरी गॅसवर काहीतरी असतं.

परतीला नॉयम्युलेनच्या थांब्यावर उतरावं. तिथे जुन्या बोटींचं छोटं बंदर आहे आणि पुढे चक्क वाळूचा किनारा. किनाऱ्यावर एक दगड ठेवलाय. 1999 साली एल्बेचा तळ उपसताना हा 217 टनांचा धोंडा हाती लागला. हिमयुगात बर्फाने तो स्वीडनहून ढकलत आणला, म्हणून त्याचं नाव 'म्हातारा स्वीडिश'. इथे एकमेकांचा फोटो काढायचा असतो. दगड पूर्ण आला पाहिजे, माणूस निम्मं आलं तरी चालेल.

पाठ पाचवा: नदीखालून

लांडुंग्सब्रुकनच्या एका टोकाला घुमट असलेली इमारत आहे. ती देऊळ नाही, चप्पल काढायची गरज नाही. आत लाकडी दारांच्या अवाढव्य लिफ्ट आहेत, मोटार मावेल एवढ्या. त्यासाठीच त्या केल्या होत्या. 1911 साली गोदी कामगारांना पलीकडच्या काठावर जाता यावं म्हणून नदीच्या पोटातून हा बोगदा काढला. चोवीस मीटर खोल, सव्वाचारशे मीटर लांब. चालत जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. पांढऱ्या फरश्यांच्या भिंतींवर मधूनमधून मातीची चकचकीत शिल्पं आहेत: मासे, खेकडे, आणि उंदीरसुद्धा. बांधणाऱ्यांना बंदर चांगलं माहीत होतं.

बोगद्यात आवाज घुमतो. हॉटेलचं बिल कुणी जास्त दिलं हा रखडलेला विषय इथे काढू नये, दोन्ही काठांना ऐकू जातो. पलीकडे वर आलं की समोर आख्खं शहर एका ओळीत उभं दिसतं. कॅलेंडरवरचा फोटो हाच.

पाठ सहावा: गोदामं

श्पायशरश्टाट म्हणजे लाल विटांच्या गोदामांचं गाव, आणि मध्ये गल्ल्यांच्या जागी कालवे. 1888 मध्ये हॅम्बर्ग जर्मन जकात संघात सामील झालं तेव्हा जकात न भरता माल ठेवायला एक राखीव पट्टा हवा होता. त्यासाठी सुमारे वीस हजार माणसांना घरांतून उठवलं, घरं पाडली आणि ओकच्या खांबांवर कॉफी, चहा, कोको, मसाले, गालिचे यांची घरं बांधली. वर पाखीखाली नजर टाकली की मालाच्या गोणी खेचायच्या कप्प्या अजून दिसतात. 2015 पासून हा जागतिक वारसा आहे. उठवलेल्या वीस हजारांचं काय झालं, असं अगं विचारेल. विचारू द्यावं. गालिच्यांच्या प्रेमात पडून आत शिरण्यापेक्षा तो प्रश्न परवडतो.

याच गोदामांत मिनिआटुर वुंडरलँड आहे, 2001 साली दोन जुळ्या भावांनी सुरू केलेलं, जगातलं सगळ्यांत मोठं खेळण्यातल्या आगगाड्यांचं विश्व. दर पंधरा मिनिटांनी तिथे रात्र पडते आणि हजारो दिवे लागतात. विमानतळावरून विमानं सुटतात. अहो आगगाड्यांपाशी अडकतील असा सगळ्यांचा समज असतो. अडकते अगं, कारण प्रत्येक खिडकीत, प्रत्येक झुडपाआड बोटाच्या पेराएवढी माणसं काहीतरी भानगडी करत असतात आणि एक भानगड सापडली की दुसरी शोधल्याशिवाय पाय निघत नाही. अहोंनी कॉफी प्यावी. इथे चार रात्री झाल्या तरी बाहेर तासच झालेला असतो.

तिथून चालत दहा मिनिटांवर एल्बफिलहार्मोनी. खाली कोको-चहा-तंबाखूचं जुनं गोदाम, वर काचेची लाट, मिळून 110 मीटर. शहराच्या तिजोरीला ही वास्तू 7.7 कोटी युरोंना पडेल असं सुरुवातीला सांगितलं होतं, पडली 78.9 कोटींना. 2010 मध्ये उघडणार होती, 2017 उजाडलं. अहोंना हे ऐकून माहेरी आल्यासारखं वाटेल. त्यांनी कंत्राटदारीवर भाषण करू नये, कारण सरकता जिना लागलेला असतो. जिना 82 मीटर लांब आणि मध्ये फुगीर आहे, खालून वरचं टोक दिसत नाही. निम्म्या वाटेत "हा संपतो ना?" असं कुणीतरी विचारतंच. वरच्या गच्चीवरून इमारतीला प्रदक्षिणा घालता येते आणि तुम्ही आतापर्यंत पायी तुडवलेलं सगळं एका नजरेत येतं. केवढं चाललो, असं म्हणून अगं इथे बसते. बसू द्यावं.

पाठ सातवा: पाट्या

अहोंना पाट्या मोठ्याने वाचायची सवय असते. ती बहुतेक ठिकाणी मोडावी, टाउन हॉलच्या आतल्या चौकात मात्र चालू ठेवावी. तिथे हायजिया या ग्रीक आरोग्यदेवतेचं कारंजं आहे, 1892 च्या पटकीच्या आठवणीचं. त्या साली साडेआठ हजारांवर माणसं गेली. हॅम्बर्ग एल्बेचं पाणी न गाळता नळाला सोडत होतं. शेजारचं आल्टोना त्याच नदीचं पाणी वाळूतून गाळून घेत होतं आणि तिथे साथ फारशी पसरली नाही. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन गावांचे नळ होते. पाणी उकळून घ्या म्हणून आयुष्यभर घसा कोरडा करणाऱ्या अगंला हे वाचून दाखवावं.

सेंट निकोलाय चर्चचा नुसता मनोरा उरलाय. 1870 च्या दशकात थोडा काळ ती जगातली सगळ्यांत उंच इमारत होती. जुलै 1943 मध्ये दोस्तांच्या विमानांना शहरावर नेम धरायला हाच मनोरा उपयोगी पडला. त्या हल्ल्यांत आगीचं वादळ उठलं आणि तीस हजारांहून अधिक माणसं मेली. चर्च पुन्हा बांधलं नाही. तळघरात त्याचं संग्रहालय आहे, आणि हे ज्या युद्धात घडलं ते सुरू कुणी केलं, हेही तिथे स्पष्ट सांगितलंय. इथे मार्गदर्शनाची गरज नाही.

आल्स्टर तळ्यावरच्या हंसांचा सरकारी सांभाळकर्ता असतो. थंडीच्या तोंडावर तो सगळ्या हंसांना होडीत घालून न गोठणाऱ्या तळ्यावर नेऊन सोडतो. निवृत्तीनंतर काय करणार, या प्रश्नाला अहोंना इथे उत्तर सापडतं. ती जागा रिकामी नाही.

पाठ आठवा: शनिवार रात्र, रविवार पहाट

रेपरबान हा बदनाम रस्ता बीटल्समुळे पुण्यवान झालाय; 1960 साली ती पोरं इथल्या क्लबांत रात्र रात्र वाजवत होती. रस्ता पाहायला हरकत नाही. लगतच्या एका गल्लीच्या तोंडाशी आडवा पत्रा आणि त्यावर स्त्रियांना व अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही अशी पाटी आहे. सपत्नीक अभ्यासक्रमात ती गल्ली येत नाही. "मी फक्त बघून येतो" हे वाक्यही येत नाही.

लवकर झोपावं, कारण रविवारी मासळी बाजार पहाटे पाचला भरतो (हिवाळ्यात सातला) आणि साडेनऊला उठतो. 1703 पासूनचा रिवाज: मासे नासण्याआधी विकावेत आणि मग माणसांनी चर्चला जावं. आता तिथे रात्रभर नाचून आलेली पोरं आणि अलार्म लावून आलेले म्हातारे एकाच रांगेत उभे असतात. विक्रेते गाडीवरून ओरडत फळांच्या टोपल्या भरतात: अननस, केळी, आणखी केळी, घ्या, अजून एक. भाव करायचा नसतो, तो विक्रेता स्वतःच स्वतःशी करतो. अगंला हे अपमानास्पद वाटतं. शेवटी टोपली घेतली जाते, आणि रविवारी दुकानं बंद असल्यामुळे दिवसभर तीच केळी खाल्ली जातात.

खाणाऱ्यांनी हेरिंग घातलेला पाव खावा. लाब्सकाउस ही खलाशांची डिश एकदा मागवून बघावी: खारवलेलं गोमांस, बटाटा, बीट एकत्र ठेचलेलं, वर तळलेलं अंडं. रंग बघून कुणीही घाबरतं. शाकाहाऱ्यांनी फ्रान्ट्सब्रोटशन या लोण्या-दालचिनीच्या पावाकडे वळावं. पहिल्यांदा पाहिल्यावर त्यावर कुणीतरी बसलंय असं वाटतं. चपटाच असतो, तसाच चांगला लागतो. बाकी उपाहारगृहांविषयी लिहिण्यासारखं फार नाही.

पाठ नववा: जहाजांना नमस्कार

इथपर्यंत उत्तीर्ण झालेल्यांनी लोकल गाडीने शेवटच्या स्टेशनवर, वेडेलला जावं. तिथे नदीकाठी विल्कोम-होफ्ट आहे. 1952 पासून हॅम्बर्गला येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांचं इथे स्वागत होतं, निरोप दिला जातो. झेंडा खाली-वर करून सलामी, जहाज ज्या देशात नोंदलंय त्याचं राष्ट्रगीत, आणि मग ध्वनिवर्धकावर जहाजाचं नाव, लांबी, कुठे बांधलं ही माहिती. तुम्ही काठावरच्या टेबलावर कॉफी पीत असता. दोन जहाजांच्या मध्ये पाऊण तास काही घडत नाही, पण चौथ्या पाठानंतर त्याचा त्रास होत नाही.

भारताचा झेंडा असलेलं जहाज आलं तर जन-गण-मन वाजेल, या आशेने अहो दुर्बीण घेऊन बसतात. या शहराचं आणि त्या गीताचं नातं जुनं आहे: 1942 च्या सप्टेंबरात सुभाषबाबूंच्या उपस्थितीत ते इथेच भारताचं राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदाने वाजवलं, आपल्या संविधान सभेने ते स्वीकारायच्या सात वर्षांहून जास्त आधी. पण मालकांनी जहाजं सोयीच्या देशांत नोंदवलेली असतात. येतं ते लायबेरियाचं. मग पनामाचं. मग मार्शल बेटांचं.

प्रश्न असा की लायबेरियाच्या राष्ट्रगीताला उभं राहायचं का. सिनेमागृहातल्या सवयीने अहो अर्धवट उठतात. अगं आजूबाजूला बघून कोट ओढते, "बसा, कुणी उभं नाहीये." अहो म्हणतात, राष्ट्रगीत म्हणजे राष्ट्रगीत. गुडघे वाकलेले, कप हातात, शेजारच्या टेबलावरची जर्मन आजी बघतेय, आणि तीनशे मीटरचं जहाज संपता संपत नाही. हे आयत्या वेळी ठरवण्याचं प्रकरण नाही. पनामाचं जहाज वळणावर दिसायच्या आत दोघांनी एकमत करून घ्यावं. आणि केक दोन मागवावेत, 'मला नको, तुमच्यातला घासभर घेईन' हे इथे चालू देऊ नये.